प्रिंटर कां सांपडत नाहीं? — घरगुती जाळ्याचा इतिहास

एकाच घरांत, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे ठेवलेल्या दोन यंत्रांना एकमेकांचा पत्ता लागूं नये, ही गोष्ट प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटते. परंतु शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना आज तिचा अनुभव येत आहे. काल सायंकाळपर्यंत प्रिंटर बिनतक्रार चालत असतो. रात्रीं घरांतील कोणी दिव्यांचें, पंख्यांचें किंवा बोलक्या स्पीकरचें नवें अॅप मोबाईलवर घेतो, त्याच्या सांगण्यावरून राउटरमध्यें दोन-चार फेरफार करतो, आणि सकाळीं परीक्षेचें प्रवेशपत्र छापावयास जावें तों संगणक सांगतो कीं, प्रिंटर सांपडत नाहीं! प्रिंटर तर समोर मेजावर बसलेला, त्याचा दिवा लागलेला, पोटांत कागद आणि शाई भरलेली. वडीलधाऱ्या माणसांस वाटतें कीं, आपल्याच हातून कांहीं बिघडलें. दुकानदार म्हणतो कीं, यंत्र जुनें झालें, नवें घ्या. बहुधा यांपैकीं एकहि निदान खरें नसतें. यंत्र शाबूत असतें. त्याची हांक मात्र वाटेंत कोठें तरी अडलेली असते. ती कोठें अडते हें समजण्यास त्या हांकेचा इतिहास ठाऊक असणें फार उपयोगी आहे.

संगणकांचें स्थानिक जाळें आणि लेसर प्रिंटर हीं एका घरांत वाढलेलीं भावंडें होत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. गॅरी स्टार्कवेदर यांनीं १९७१ सालीं तेथें लेसर किरणाच्या साह्यानें छापणारें यंत्र सिद्ध केलें. त्याच संशोधनशाळेंत पुढें आल्टो नांवाचे लहान संगणक तयार होऊं लागले. छापणारें यंत्र एक आणि संगणक अनेक. तेव्हां या सर्वांस तें एक यंत्र वापरतां यावें कसें, असा प्रश्न उभा राहिला. रॉबर्ट मेटकाफ यांनीं ता. २२ मे १९७३ च्या आपल्या टिपणांत त्यावर योजना मांडली. सर्व संगणक एकाच तारेस जोडावे; ज्यास बोलावयाचें असेल त्यानें त्या तारेवर बोलावें; बोलणें सर्वांच्या कानीं जाईल, परंतु ज्याच्या नांवें तें असेल त्यानेंच तें घ्यावें. प्रकाश वाहून नेणारें 'ईथर' नांवाचें एक सर्वव्यापी द्रव्य असावें, अशी पूर्वींच्या शास्त्रज्ञांची कल्पना होती. तिच्यावरून या योजनेस 'ईथरनेट' हें नांव मिळालें. दोघांनीं एकदम तोंड उघडलें तर दोघांनींहि थांबावें आणि थोड्या वेळानें पुन्हां बोलावें, असाहि नियम त्यांत होता. एका खोलींत सर्वांनीं बसून बोलावें, अशी ही व्यवस्था. बोलणारे थोडे आणि विनयशील असतील तोंवर ती उत्तम चालते. घरगुती यंत्रांच्या आजच्या भांडणाचें बीज येथेंच आहे.

पुढील महत्त्वाचें पाऊल १९८५ सालीं पडलें. त्या वर्षीं अॅपल कंपनीनें 'लेसररायटर' नांवाचा प्रिंटर बाजारांत आणला. त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. एवढें महाग यंत्र एकट्याच्या मेजावर ठेवणें बहुतेकांस परवडणारें नव्हतें. कचेरींतील अनेकांनीं तें मिळून वापरलें तरच हिशेब जमे. त्याकरितां 'अॅपलटॉक' नांवाची जोडणी होती. तींत पडद्यावरील 'चूझर' उघडला कीं, जवळपासच्या प्रिंटरांचीं नांवें आपोआप दिसूं लागत. हें घडे तें असें : संगणक तारेवर दवंडी पिटीत असे कीं, येथें प्रिंटर कोण कोण आहेत? आणि जे असत ते आपापलें नांव सांगत. नांवांची वही नाहीं, ती सांभाळणारा कारकून नाहीं, आणि आंकडे पाठ करणें नाहीं. सामान्य माणसास यंत्राची ओळख नांवानें व्हावी, हा या व्यवस्थेचा मोठा गुण होता.

जगाचा मोठा व्यवहार मात्र निराळ्या वाटेनें गेला. इंटरनेटच्या भाषेंत प्रत्येक यंत्राची ओळख आंकड्यांच्या पत्त्यानें होते. नांवावरून आंकडा शोधून देणारी पद्धति पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं रचली. परंतु त्या नांवांची नोंद ठेवण्यास कोणी तरी जाणता माणूस लागे. यंत्रांस आंकडी पत्ते आपोआप वांटून देणारी 'डी. एच. सी. पी.' ही पद्धति १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. तिलाहि वांटप करणारा एक अधिकारी लागतोच, आणि आज घरोघरीं हें काम राउटर करतो. दरम्यान १९८९ सालीं स्टीव्ह डीअरिंग यांनीं इंटरनेटच्या भाषेंत एकाच वेळीं एका गटास उद्देशून बोलण्याचे नियम प्रसिद्ध केले. या रीतीस 'मल्टिकास्ट' म्हणतात. तिला दवंडी म्हटल्यास चालेल. मात्र ही दवंडी साऱ्या गांवाकरितां नसून ती ऐकण्यास जे तयार आहेत त्यांच्यापुरतीच असते.

अॅपलटॉकची सोय आणि इंटरनेटचा विस्तार यांची सांगड घालण्याचें श्रेय मुख्यतः स्टुअर्ट चेशायर यांचें आहे. अॅपलटॉकमधील नांव शोधण्याची रीत इंटरनेटच्या भाषेंत आणावी, असा विचार त्यांनीं १९९७ सालीं मांडला. इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळानें सप्टेंबर १९९९ मध्यें या कामीं 'झीरोकॉन्फ' नांवाचा एक अभ्यासगट नेमला. यंत्रास पत्ता देणारा कोणी नसला तरी त्यानें स्वतः पत्ता घ्यावा. नांवांची वही नसली तरी नांवावरून यंत्र सांपडावें. आणि कोणतें यंत्र कोणतें काम करतें हें विचारतांच कळावें, अशा तीन गोष्टी मुख्यतः साधावयाच्या होत्या. ऑगस्ट २००२ मध्यें अॅपलनें ही योजना आपल्या संगणकांत 'रान्देव्हू' या नांवानें आणली. व्यापारी नांवाच्या वादामुळें २००५ सालीं तिचें नांव 'बाँजूर' असें बदललें. प्रिंटर बनविणाऱ्यांनीं ती लवकरच स्वीकारली. नोव्हेंबर २०१० मध्यें 'एअरप्रिंट' आल्यावर मोबाईलहि तिच्याच आधारें प्रिंटर शोधूं लागले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्यें चेशायर व मार्क क्रोकमल यांच्या नांवानें तिचे नियम रीतसर प्रसिद्ध झाले.

हे नियम वाचले असतां त्यांतील शिष्टाचार मनांत भरतो. नवें यंत्र जाळ्यांत आलें कीं, नांव धारण करण्यापूर्वीं तें पाव सेकंदाच्या अंतरानें तीनदां विचारतें कीं, हें नांव कोणाचें आहे काय? कोणी हक्क सांगितल्यास तें मुकाट्यानें दुसरें नांव घेतें. बहुधा त्याच नांवापुढें दोनाचा आंकडा लावतें. संगणकाच्या यादींत एकाच प्रिंटरचीं दोन नांवें दिसतात, त्यांचें एक कारण हें आहे. जाणारें यंत्र निरोप घेऊन जातें. एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारावयाचा झाल्यास प्रत्येक वेळीं मधलें अंतर निदान दुप्पट करावें, असा दंडक आहे. आणि ही दवंडी त्या जाळ्याचा उंबरठा ओलांडून शेजारच्या जाळ्यांत जात नाहीं. हा शेवटचा नियम पुढील हकीकतीच्या दृष्टीनें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

ही सारी व्यवस्था तारेच्या काळांत जन्मली. घरांत मात्र ती बिनतारी जाळ्यावर नांदूं लागली. वाय-फायचे पहिले नियम १९९७ सालचे. वाय-फायवर एकास एक असें बोलणें झालें कीं, ऐकणारा पोंच देतो. पोंच न आल्यास तेंच बोलणें पुन्हां केलें जातें. दवंडीस पोंच नसते. शिवाय ती दूरच्या आणि जुन्या यंत्रासहि ऐकूं जावी म्हणून बहुधा मंद गतीनें पुकारली जाते, आणि वीज वांचविण्याकरितां झोंपलेलीं यंत्रें असल्यास त्यांच्या जागें होण्याच्या वेळेपर्यंत राखून ठेवली जाते. याचा अर्थ असा कीं, तारेवर जी हांक जवळजवळ फुकट होती ती हवेंत महाग झाली. आणि ती ऐकूं न गेली तर कोणासहि त्याचा पत्ता लागत नाहीं. ऑक्टोबर २०२१ मध्यें इंटरनेटच्या त्याच मंडळानें या अडचणींवर एक स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केलें.

अशा या खोलींत पुढें गर्दी झाली. ऑक्टोबर २०१२ मध्यें फिलिप्सचे 'ह्यू' दिवे आले, जुलै २०१३ मध्यें गूगलचें 'क्रोमकास्ट' आलें, नोव्हेंबर २०१४ मध्यें अॅमेझॉनचा 'एको' आला; त्यांच्या पाठोपाठ दिवे, खटके, कॅमेरे आणि घंटा यांची रीघ लागली. यांतील पुष्कळ यंत्रें आणि त्यांचीं अॅपें एकमेकांस शोधण्यास प्रिंटरचीच दवंडी वापरतात. कांहीं तिच्या चुलत बहिणीचा, म्हणजे १९९९ सालीं स्थापन झालेल्या 'यू. पी. एन. पी.' मंडळाच्या पद्धतीचा आश्रय करतात. पूर्वीं ज्या खोलींत एक संगणक आणि एक प्रिंटर बोलत, तेथें आतां दहा-वीस जण एकदम हांका मारूं लागले.

या गर्दीचा परिणाम जानेवारी २०१८ मध्यें जगजाहीर झाला. अनेक घरांतील वाय-फाय वारंवार बंद पडूं लागलें. प्रथम आळ आला तो राउटरवर. टीपी-लिंक या राउटर बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनीं तपास करतां निराळेंच कारण निघालें. गूगलच्या 'कास्ट' सोयीकरितां अँड्रॉइड मोबाईल वीस-वीस सेकंदांच्या अंतरानें शोधाची हांक मारीत असे. मोबाईल झोंपेंतून जागा झाला कीं, कांहीं प्रसंगीं राहून गेलेल्या हांका तो एकदम बाहेर टाकी, आणि त्यांची संख्या एक लाखाच्याहि वर जाऊं शके. एवढ्या माऱ्यापुढें राउटरची स्मृति भरून जाई व तो मूर्च्छित पडे. गूगलनें दोष मान्य करून त्याच महिन्यांत सुधारणा पाठविली. यांत कोणाचाहि प्रिंटर बिघडलेला नव्हता, आणि राउटरहि नव्हता. शिष्टाचार मोडला होता मोबाईलमधील एका सोयीनें. दोष एका ठिकाणीं आणि लक्षण दुसऱ्या ठिकाणीं, हें घरगुती जाळ्याच्या रोगाचें मुख्य स्वरूप आहे.

सर्वच अडचणी गर्दीच्या असतात असें मात्र नाहीं. सावधगिरीनेंहि कांहीं उत्पन्न केल्या आहेत. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या उपद्रवी प्रोग्रामनें, कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द ज्यांचा कोणी बदलला नव्हता, अशीं कॅमेऱ्यांसारखीं असंख्य यंत्रें आपल्या ताब्यांत घेतलीं, आणि ता. २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्याकरवीं 'डिन' या नांवें पुरविणाऱ्या कंपनीवर असा भडिमार केला कीं, अनेक प्रसिद्ध संकेतस्थळें तासन् तास दुर्लभ झालीं. तेव्हांपासून घरांतील दिवे-कॅमेरे पाहुण्यांच्या निराळ्या जाळ्यावर ठेवावे, असा सल्ला सर्वत्र मिळूं लागला. सल्ला योग्यच आहे. पण दवंडी उंबरठा ओलांडीत नाहीं. मोबाईल दिव्यांच्या सोयीकरितां पाहुण्यांच्या जाळ्यावर गेला आणि प्रिंटर घरच्या जाळ्यावर राहिला, तर दोघांची गांठ पडावी कशी? याच जातीची दुसरी घटना अशी : पुष्कळ दिव्यांस केवळ २.४ गिगाहर्ट्झ हीच लहर ऐकूं येते. त्यांच्याकरितां घरधनी जाळ्याचें नांव किंवा परवलीचा शब्द बदलतो, आणि बिचारा प्रिंटर जुन्याच नांवाचा जप करीत बसतो.

तिसरी अडचण पत्त्यांच्या टकरीची. एखाद्यानें पूर्वीं प्रिंटरला हातानें एक कायमचा आंकडा दिलेला असतो, पण ती गोष्ट राउटरच्या कानीं घातलेली नसते. प्रिंटर बंद असतां नवा दिवा येतो. राउटर तोच आंकडा मोकळा समजून दिव्यास देतो. प्रिंटर जागा झाला कीं, एका घरक्रमांकावर दोन बिऱ्हाडें होतात, आणि पत्र कधीं याच्याकडे तर कधीं त्याच्याकडे जातें. चौथी अडचण परवानगीची. सप्टेंबर २०२० पासून आयफोनवर, आणि सप्टेंबर २०२४ पासून अॅपलच्या संगणकांवरहि, कोणत्याहि अॅपला घरच्या जाळ्यांत डोकावण्यापूर्वीं मालकाची अनुज्ञा घ्यावी लागते. घाईंत एकदां 'नको' म्हटलें कीं, त्या अॅपला प्रिंटर किंवा दिवा दिसेनासा होतो, आणि नकार दिल्याचें कोणास आठवत नाहीं.

पांचवी अडचण चमत्कारिक आहे. पुष्कळ प्रिंटरांचें ९१०० क्रमांकाचें एक दार असें असतें कीं, त्यांतून आंत जें येईल तें मुकाट्यानें छापावयाचें. जाळ्यांतील यंत्रांची झडती घेणारें एखादें अॅप त्या दारावर 'तूं कोण?' असें विचारतें, आणि प्रिंटर तो प्रश्नच कागदावर छापून टाकतो! मध्यरात्रीं आपोआप निघणाऱ्या अर्थहीन अक्षरांच्या पानांचें रहस्य पुष्कळदां हेंच असतें. म्हणूनच 'एन्मॅप' हें जाळीं तपासण्याचें प्रसिद्ध साधन ९१०० ते ९१०७ या दारांवरील सखोल चौकशी आपण होऊन टाळतें.

हा इतिहास ध्यानांत घेतला असतां तपासाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम प्रिंटरच्या पडद्यावर, किंवा पडदा नसल्यास त्याचें माहितीचें पान छापून, त्याचा आंकडी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळें प्रिंटरनें झीरोकॉन्फच्या नियमानें तो स्वतःच घेतला आहे. अशा वेळीं दोष प्रिंटर आणि राउटर यांच्यामध्यें आहे, अॅपला बोल लावूं नये. पत्ता ठीक असल्यास मोबाईल व प्रिंटर एकाच नांवाच्या जाळ्यावर आहेत काय, आणि तें जाळें पाहुण्यांचें तर नव्हे ना, हें पाहावें. नंतर प्रिंटरचा आंकडा ब्राउझरमध्यें लिहून पाहावा. प्रिंटरचें पान उघडलें, तर वाट मोकळी आहे, केवळ दवंडी अडली आहे. मग संगणकावर प्रिंटर त्या आंकड्यानें जोडला कीं, बहुधा काम भागतें. पान उघडलें नाहीं, तर राउटरमध्यें यंत्रांस एकमेकांपासून तोडणारी 'आयसोलेशन' नांवाची व्यवस्था सुरू आहे काय, तें तपासावें. 'मल्टिकास्ट' किंवा 'आय. जी. एम. पी. स्नूपिंग' या नांवाच्या व्यवस्था दवंडी कोणाकडे जावी हें ठरवितात. त्यांत नुकताच बदल झाला असल्यास तो मागें घेऊन पाहावा. मोबाईलवर अॅपला स्थानिक जाळ्याची परवानगी आहे कीं नाहीं, हें पाहण्यास तर एक मिनिटहि लागत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें, एका वेळीं एकच फेरफार करावा. चार कळा एकदम फिरविल्या तर कोणत्या कळीनें गुण आला हें कळत नाहीं, आणि दुखणें पुन्हां उलटल्यास सारा तपास मुळापासून करावा लागतो.

कायमचा उपाय एकच, आणि तो साधा आहे. राउटरमध्यें प्रिंटरच्या नांवें एक आंकडा राखून ठेवावा. 'रिझर्व्हेशन' नांवाची ही सोय पुष्कळ घरगुती राउटरांत असते. मग तो आंकडा दुसऱ्या कोणास मिळत नाहीं, आणि दवंडी बुडाली तरी संगणक त्या पत्त्यावर थेट जाऊं शकतो.

पुढें ही कटकट आपोआप नाहींशी होईल, अशी आशा करण्यास मात्र आधार दिसत नाहीं. निरनिराळ्या कंपन्यांच्या घरगुती यंत्रांनीं एक भाषा बोलावी म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्यें 'मॅटर' नांवाचे नियम प्रसिद्ध झाले. परंतु जाळ्यांत एकमेकांस शोधण्याकरितां त्यांनींहि चेशायर यांचीच दवंडी पत्करली आहे. म्हणजे खोली तीच आणि बोलणारे अधिक.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. १९७३ सालीं त्या तारेच्या शेजारीं ती निर्माण करणारे अभियंते बसलेले होते. पुढें कचेऱ्यांतून जाळें सांभाळण्यास पगारी माणूस असे. झीरोकॉन्फनें त्या माणसाची गरज संपविली असें वाटलें. परंतु माणूस गेला तरी त्याचें काम शिल्लक राहिलें, आणि तें न सांगतां घरांतील माणसांच्या माथीं आलें. ज्या घरांत तें काम कोणीच ओळखीत नाहीं, तेथें चांगला प्रिंटर अडगळींत जातो, नव्या प्रिंटरचे पैसे पडतात, आणि तोहि चार महिन्यांनीं सांपडेनासा होतो. ज्या घरांत तें एकट्या मुलास ठाऊक असतें, तेथें मुलगा परगांवीं गेला कीं आईबापांचें छापणें बंद पडतें. यावर उपाय म्हणजे एक चिठ्ठी : प्रिंटरचा राखीव आंकडा, घरच्या जाळ्याचें नांव, आणि राउटरमध्यें शेवटचा बदल कोणता व कोणत्या तारखेस केला, एवढें तीवर स्वच्छ अक्षरांत लिहावें आणि ती प्रिंटरच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावी. परवलीचा शब्द मात्र तीवर लिहूं नये.